घरगुती गॅसमीटरचे स्थलांतर

स्वयंपाकघराची दुरुस्ती काढली की पहिली अडचण बहुधा भिंतीवरील गॅसमीटरची निघते. ओटा वाढवावयाचा असतो, सज्जा बंद करून खोलीत घ्यावयाचा असतो, किंवा भिंतभर कपाटे बसवावयाची असतात. आणि नेमक्या त्याच जागी तो करड्या रंगाचा डबा आणि त्याला जोडलेली पिवळी नळी उभी असते. सुतार म्हणतो, "एवढा हातभर सरकवला की काम झाले." नळाचे काम करणारा कारागीर तेथेच असतो, पाने-पकडी त्याच्या पिशवीत असतात, आणि पाण्याचा मीटर तसा हा मीटर अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तासाभरात मीटर नव्या जागी बसतो. शेगडी पेटते. शेगडी पेटली म्हणजे काम बरोबर झाले, असे घरमालक, सुतार व कारागीर या तिघांनाही वाटते. ही समजूत किती धोक्याची आहे, आणि मीटर खरोखरच हलवावयाचा असेल तर ते काम कोणी व कसे करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नळीने येणारा वायू हा काही सर्वांनाच नवा नाही. मुंबईत दगडी कोळशापासून तयार केलेल्या वायूचे दिवे १८६५ पासून रस्त्यांवर लागू लागले होते. वडोदरा शहरात १९७० च्या दशकापासून नळीने नैसर्गिक वायू घरोघर पोहोचू लागला. तेथील दांडिया बाजारासारख्या जुन्या मराठी वस्तीत नळीवरच्या शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या आहेत. इंदूर व ग्वाल्हेर येथे अवंतिका गॅस, हैदराबादेत भाग्यनगर गॅस या कंपन्या हे काम करतात. दाभोळहून बंगळूरकडे जाणारी मोठी वायुवाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. ती बेळगाव जिल्ह्यातून जाते व तिचा फाटा गोव्यात उतरतो. त्यामुळे बेळगावात आणि गोव्यातही आता इमारतींच्या भिंतींवर पिवळ्या नळ्या दिसू लागल्या आहेत. ज्या गावांत अजून सिलिंडरच आहे, तेथील वाचकांनाही या लेखातील बराचसा भाग उपयोगी पडावा. कारण दोन्ही वायूंचे स्वभाव भिन्न असले तरी धोका एकाच जातीचा आहे.

प्रथम मीटर म्हणजे काय ते पाहू. घरगुती मीटरच्या पोटात बहुधा लवचिक पडद्यांचे कप्पे असतात. एक कप्पा वायूने भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, आणि या भरण्या-रिकामे होण्याच्या गतीने आकड्यांची चाके फिरतात. घरात वाण्याकडून तेल मापून घेताना माप भरून ओतले जाते, तसाच हा प्रकार. फक्त माप स्वतःच भरते, स्वतःच ओतते आणि स्वतःच मोजदाद ठेवते. काळे आकडे घनमीटर दाखवितात. त्यापुढील लाल चौकटीतले तीन आकडे घनमीटरचा हजारावा भाग, म्हणजे लिटर, दाखवितात. या लाल आकड्यांकडे आपले सहसा लक्ष जात नाही, कारण बिलात ते येत नाहीत. परंतु पुढे त्यांचा एक उपयोग सांगावयाचा आहे.

मीटरपर्यंत वायू येतो तो टप्प्याटप्प्याने दाब उतरवीत. वस्तीतील रस्त्याखालच्या नळीत तो चार बारपर्यंत असतो. इमारतीच्या उभ्या नळीत तो साधारणतः १०० मिलिबारवर आणलेला असतो, आणि घराच्या रेग्युलेटरमधून शेगडीकडे जाताना तो २१ मिलिबार एवढाच राहतो. २१ मिलिबार म्हणजे जवळजवळ वीतभर उंचीच्या पाण्याने जेवढा दाब पडेल तेवढा. इतका हलका दाब पाहून पुष्कळांना वाटते की याने काय होणार! वस्तुतः दाब कमी असल्याने गळतीचा आवाज होत नाही, फुसफुस ऐकू येत नाही, आणि म्हणूनच ती लक्षात यावयास वेळ लागतो. पाण्याचा सांधा गळला तर भिंत ओली होते, खाली थारोळे साचते, घरातील लहान मूलही येऊन सांगते. वायूचा सांधा गळला तर भिंत कोरडीच राहते. पाण्याच्या नळात वाकबगार असलेल्या कारागिराचा अनुभव येथे कामास येत नाही, तो याच कारणाने.

मीटर कोणाचा?

घरात बसविलेली वस्तू घरमालकाची, हा आपला सर्वसाधारण समज. गॅसमीटरच्या बाबतीत तो चुकीचा आहे. जोडणी घेताना आपण जी रक्कम भरतो तिच्यातील मोठा भाग परत मिळणारी ठेव असतो. मीटर, रेग्युलेटर व तेथपर्यंतची नळी ही पुरवठा करणाऱ्या कंपनीचीच राहते. मीटरनंतरच्या नळीचा खर्च ग्राहकाने दिलेला असला तरी तिच्यात फेरफार करण्याचे काम कंपनीचे किंवा कंपनीने अधिकृत केलेल्या माणसाचे, अशीच अट जोडणीच्या करारात असते. आपल्यापैकी किती जणांनी तो करार वाचला असेल, हा प्रश्न वेगळा. तो बहुधा बारीक टायपात छापलेला असतो आणि सही करताना पान उलटण्याचीही फुरसत नसते. मीटर हलविण्याचा विचार मनात येईल त्या दिवशी तरी तो कपाटातून काढून वाचावा.

या व्यवसायाचे नियमन पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ करते. हे मंडळ २००६ च्या अधिनियमाने स्थापन झाले. शहरी वायुवितरणाच्या तांत्रिक व सुरक्षाविषयक मानकांचे विनियम या मंडळाने २००८ मध्ये आणि सेवेच्या गुणवत्तेविषयीचे विनियम २०१० मध्ये केले. नळी कोणत्या दर्जाची असावी, जोडणीनंतर चाचणी कशी घ्यावी, वायूला वास कितपत असावा, ग्राहकाच्या तक्रारीची व्यवस्था काय असावी, हे सारे त्यांच्या कक्षेत येते. मीटर हे मोजमापाचे साधन असल्याने वैधमापनाचा २००९ चा अधिनियमही त्याला लागू पडतो, आणि मीटरवरील सील तोडणे ही केवळ कंपनीशी केलेली आगळीक ठरत नाही. शिवाय ज्वालाग्राही पदार्थाविषयी निष्काळजीपणा करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या घरात आपण काय करावे हा आपला प्रश्न, असे म्हणण्याची सोय येथे राहत नाही.

ती का राहत नाही, हे समजण्यासाठी इमारतीतील एका प्रसंगाची कल्पना करावी. चार मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावरील कुटुंबाने कारागीर बोलावून मीटर हलविण्याचे ठरविले आहे. मीटरच्या अलीकडील नळीला हात लावावयाचा, म्हणून कारागीर खाली जाऊन उभ्या नळीची मुख्य चावी बंद करतो. सकाळचे दहा वाजलेले आहेत. चौथ्या मजल्यावर एक वृद्ध बाई मंद आचेवर दूध ठेवून शेजारच्या खोलीत बसल्या आहेत. वायू थांबतो, ज्योत विझते. बाईंना त्याचा पत्ता नाही, कारण विझताना ज्योत आवाज करीत नाही. दीड तासाने काम संपते आणि कारागीर चावी उघडतो. चौथ्या मजल्यावरील शेगडीची कळ अद्याप उघडीच आहे. आता तिच्यातून वायू बाहेर पडू लागतो, न पेटलेला. ज्योत विझताच वायू आपोआप बंद करणारी व्यवस्था आपल्याकडील बहुतेक शेगड्यांत नसते.

येथे दुसऱ्या मजल्यावरील सांधे कितीही पक्के बसविलेले असोत, धोका दोन मजले वर निर्माण झालेला आहे. कंपनीचा माणूस उभ्या नळीची चावी बंद करण्यापूर्वी इमारतीतील प्रत्येक घरी सूचना देतो, सर्व शेगड्यांच्या कळा व घरातल्या चाव्या बंद करवितो, आणि पुरवठा परत सुरू करताना पुन्हा घरोघर जाऊन खात्री करून घेतो. एखादे घर कुलूपबंद असेल तर त्या घराचा पुरवठा बाहेरूनच तोडून ठेवतो. यात वेळ जातो आणि म्हणूनच कंपनीकडे अर्ज करून तारीख घ्यावी लागते. पुष्कळांना हा कार्यालयीन वेळकाढूपणा वाटतो. कार्यालयीन वेळकाढूपणा कोठेच नसतो असे मी म्हणणार नाही. पण या एका ठिकाणी थांबण्याला कारण आहे. ज्या कर्मचाऱ्याने ही घरोघरची सूचना टाळून चावी फिरविली, त्याला रहिवाशांनी खुशाल अडवावे.

कपाटातील मीटर

मीटर हलविणे अवघड दिसले की सुतार दुसरा मार्ग सुचवितो: मीटर आहे तेथेच राहू द्यावा आणि त्यासकट कपाट करावे. दार लावले की मीटर दिसत नाही, नळी दिसत नाही, स्वयंपाकघर सुरेख दिसते. मीटर एका इंचानेही हललेला नसतो, म्हणून परवानगीचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते मीटर अनधिकृतपणे हलविण्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, हा प्रकार धोक्याचा आहे. आणि तो का, हे थोड्याशा गणिताने सिद्ध करता येते. शिक्षकांनी हे उदाहरण सातवी-आठवीच्या वर्गात घनफळ व शेकडेवारीच्या पाठाला जोडून अवश्य घ्यावे.

नैसर्गिक वायू हा मुख्यत्वे मिथेन होय. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ पेक्षा कमी असेल तर तो पेट घेत नाही. शेकडा १५ पेक्षा अधिक असेल तरीही, हवा अपुरी पडत असल्याने, घेत नाही. शेकडा ५ ते १५ या पट्ट्यात मात्र एक ठिणगी पुरे होते. आता समजा, स्वयंपाकघर ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ साडेबावीस घनमीटर, म्हणजे २२,५०० लिटर. त्याचे शेकडा ५ म्हणजे १,१२५ लिटर. मीटरजवळील एखाद्या सांध्यातून तासाला १०० लिटर वायू गळत आहे असे धरू. ही गळती फार मोठी नव्हे. शेगडीची मध्यम ज्योत तासाला साधारणतः दीडशे ते दोनशे लिटर वायू जाळते. सारी दारेखिडक्या बंद धरल्या तरी संपूर्ण खोलीत धोक्याचे प्रमाण यावयास सव्वाअकरा तास लागतील. प्रत्यक्षात फटींतून हवा खेळत असते, त्यामुळे बहुधा तेवढे प्रमाण कधी येणारही नाही. छताजवळ मात्र ते लवकर वाढेल, कारण हा वायू हवेपेक्षा हलका आहे.

आता तोच सांधा ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर खोल व ९० सेंटिमीटर उंच अशा बंद कपाटात आला. कपाटाचे घनफळ ३२४ लिटर. त्याचे शेकडा ५ म्हणजे सोळा लिटरांहून किंचित अधिक. तासाला १०० लिटर गळती असेल तर त्यास दहा मिनिटे लागतात. गळती तीच आणि सांधाही तोच आहे. मध्ये फक्त एक दार आले आणि सव्वाअकरा तासांची दहा मिनिटे झाली.

वायूला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन जातीचे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या एकपंचमांश, म्हणजे हवेत शेकडा एक वायू असतानाच वास यावा, असा या मिश्रणाचा दंडक आहे. उघड्या भिंतीवरील मीटर गळला तर स्वयंपाकघरात शिरणाऱ्या माणसाच्या नाकाला ही सूचना बहुधा वेळेवर मिळते. बंद कपाटात मात्र वास आतच कोंडतो. बाहेर तो जाणवू लागेतो आतील मिश्रण धोक्याच्या पट्ट्यात गेलेले असू शकते. आणि त्याच कपाटात दार उघडताच लागणारा दिवा बसविलेला असला, किंवा मागच्या भिंतीवर मिक्सरचा प्लग असला, तर ठिणगीही जवळच आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंद वास सतत येत राहिला की नाकाला त्याची सवय होते व तो येईनासा झाल्यासारखा वाटतो. बाहेरून आलेला पाहुणा "वास कसला येतो?" असे विचारतो तेव्हा घरातल्या माणसांनी त्याच्या नाकावर विश्वास ठेवावा.

कपाट केलेच असेल तर ते तोडावेच लागेल असे नाही. वर व खाली हवा खेळेल अशी पुरेशी जाळी, मीटर व चावी यांपर्यंत हात सहज पोहोचेल असे कुलूप नसलेले दार, आत विजेचे काहीही नाही, अशा व्यवस्थेविषयी कंपनीच्या निरीक्षकाला विचारावे आणि तो लेखी देईल तेच प्रमाण मानावे. सुताराने चार भोके पाडून दिली, एवढ्यावर समाधान मानू नये.

जागेची निवड

मीटरला जागा हवी ती हवेशीर, कोरडी आणि उजेडाची. आकडे उभ्याने वाचता यावेत आणि चावीपर्यंत घरातील बुटक्या माणसाचाही हात जावा. शेगडीच्या वर किंवा तिच्या आचेत, विजेच्या बोर्डाशेजारी, मोरीच्या खाली जेथे सतत पाणी ठिबकते तेथे, निजण्याच्या खोलीत, न्हाणीघरात, किंवा जिन्यातून बाहेर पडण्याच्या वाटेत मीटर नेऊ नये. अंगणात किंवा वाहने ठेवण्याच्या जागी बसवावयाचा असल्यास गाडीचा धक्का लागणार नाही अशी आड हवी. नळी भिंतीत पुरून वरून गिलावा करणे हे दिसावयास छान असले तरी गंज व गळती दोन्ही झाकते. नळीवर कपडे वाळत घालणे व विजेची अर्थिंगची तार नळीला गुंडाळणे हे प्रकारही पाहण्यात येतात. दुसरा तर विशेष घातक.

किनारपट्टीवरील वाचकांसाठी दोन शब्द अधिक. गोव्यात चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. जस्त चढविलेल्या लोखंडी नळीवर जेथे आटे पाडलेले असतात तेथे जस्ताचा थर निघालेला असतो, आणि गंज तेथूनच सुरू होतो. मीटर पश्चिमेकडच्या उघड्या भिंतीवर न्यावयाचा असेल तर पावसाच्या माऱ्याचा विचार आधी करावा. वर छोटीशी पडवी किंवा पत्रा असावा, परंतु तो चारी बाजूंनी बंद नसावा. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत पकडीचे स्क्रू नीट बसले आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे. पकड सैल पडली की नळीचा व मीटरचा भार सांध्यावर येतो, आणि आज घट्ट असलेला सांधा दोन पावसाळ्यांनी हलू लागतो. नळीवरचा पिवळा रंग ही ओळखीची खूण असली तरी तो गंजापासून संरक्षणही करतो. तो उडालेला दिसल्यास कळवावे.

कामाचा क्रम

अर्ज कंपनीच्या कार्यालयात किंवा ग्राहक सेवेच्या क्रमांकावर करता येतो. त्यात ग्राहक क्रमांक, मीटर कोठून कोठे हलवावयाचा व का, हे लिहावे. हाताने काढलेला एक कच्चा नकाशा जोडल्यास काम सोपे होते. भाडेकरूस घरमालकाची संमती लागते. नळी सामाईक भिंतीवरून जाणार असेल तर गृहनिर्माण संस्थेचीही संमती घ्यावी. त्यानंतर निरीक्षक येऊन जागा पाहतो. येथे एक व्यवहाराची सूचना: निरीक्षकाची भेट सुताराने काम सुरू करण्याआधी व्हावी. ओटा फोडून झाला, फरशी आली, सुताराचे आठ जण घरात बसून आहेत, अशा वेळी अर्ज केला की मग कंपनीचा उशीर असह्य वाटू लागतो आणि जवळच्या कारागिराला "एवढे करून टाक" असे सांगण्याचा मोह होतो. अनधिकृत स्थलांतरे बहुतेक अशाच घाईतून होतात. कोणी वाईट बुद्धीने ती करीत नाही.

स्वतःच्या सोयीसाठी मीटर हलवीत असल्यास खर्च सामान्यतः ग्राहकाला सोसावा लागतो. दर कंपनीगणिक निराळे आहेत, म्हणून लेखी अंदाजपत्रक मागावे आणि रक्कम पावती घेऊनच भरावी. घरी आलेल्या माणसाच्या हाती पावतीवाचून पैसे ठेवू नयेत. असे केल्याने काम लवकर झाले तरी कागदोपत्री मीटर जुन्याच जागी राहतो, आणि पुढे काही बिघडल्यास ते काम झालेच नव्हते असे ठरते. कामाला आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहणे हा त्याचा अपमान नव्हे.

काम चालू असताना ग्राहकाने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मीटर काढण्यापूर्वी आकडा लिहून घेतला का. हा आकडा, तारीख व दोघांच्या सह्या कामाच्या कागदावर याव्यात, आणि शक्य तर आकड्याचे छायाचित्र घ्यावे. दुसरी, जोडणी पूर्ण झाल्यावर दाबाची चाचणी झाली का. या चाचणीत नळीत ठराविक दाब भरून सारे बंद करतात आणि दाबमापकावरचा आकडा ठरलेल्या वेळेत उतरतो की नाही हे पाहतात. त्याखेरीज प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले पाहिजे. सांध्याजवळ पेटती काडी नेऊन गळती "तपासणारे" महाभाग अजूनही आढळतात. अशा माणसाला काम तेथेच थांबवावयास सांगावे. तिसरी, नळीतील हवा काढली का. उघडी राहिलेल्या नळीत हवा शिरलेली असते. वायू सोडल्यावर काही काळ हवा व वायू यांचे मिश्रण येते. ते मोकळ्या हवेत सोडून, शुद्ध वायू येऊ लागल्यावरच शेगडी पेटवावयाची असते. त्या वेळी खिडक्या उघड्या असाव्यात व देवघरातील समईसुद्धा मालवलेली असावी.

आता लाल आकड्यांचा उपयोग. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर शेगडीच्या सर्व कळा बंद कराव्यात, मात्र मीटरजवळची चावी उघडी ठेवावी, आणि लाल आकडे लिहून घ्यावेत. सकाळी चहा ठेवण्यापूर्वी ते पुन्हा पाहावेत. आकडा हलला असेल तर मीटर व शेगडी यांच्या दरम्यान कोठेतरी गळती आहे. चावी बंद करून कंपनीला कळवावे. आकडा हलला नाही म्हणजे सारे ठीक आहे असे मात्र समजू नये. मीटरच्या अलीकडे, म्हणजे उभी नळी व मीटर यांच्या मधल्या सांध्यांत गळती असेल तर तो वायू मीटरमधून गेलेलाच नसतो, मग आकडा हलणार कसा? मीटर हलविताना हेच अलीकडचे सांधे उकललेले असतात. म्हणून ही घरगुती परीक्षा चांगली असली तरी ती कंपनीच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

वास आलाच तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये. लावूही नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. चावी बंद करावी, दारेखिडक्या उघडाव्यात, माणसे बाहेर न्यावीत आणि बाहेर गेल्यावरच दूरध्वनी करावा. नळीच्या वायूसाठी कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो चावीशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर आहे.

सिलिंडर वापरणाऱ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. नळीचा वायू वर चढतो, तो छताजवळच्या झरोक्यातून निघून जातो. सिलिंडरचा वायू जमिनीवर पसरतो, उंबऱ्याशी अडतो, खड्ड्यात साचतो. त्यामुळे सिलिंडर ओट्याखाली कोंडून ठेवला असेल तर हवेची वाट जमिनीलगत हवी, आणि हवेत शेकडा दोनच्या आसपास वायू झाला तरी तो पेटू शकतो. ज्या घरात सिलिंडर जाऊन नळी आली आहे, तेथे जुन्या कपाटाला खालीच भोके असतात. ती नव्या वायूला फारशी उपयोगी नाहीत. वर नवी पाडून घ्यावीत.

यापूर्वीच कोणी कारागिराकडून मीटर हलवून घेतला असेल तर काय करावे? तो पुन्हा त्याच कारागिराकडून जुन्या जागी नेऊ नये. त्याने सांधे आणखी एकदा उकलले जातील इतकेच. कंपनीला सरळ लेखी कळवून तपासणी मागावी. दंड होण्याची भीती लोकांना वाटते व ती अगदीच निराधार नाही. तपासणीत सील तुटलेले आढळल्यास आकार लागू शकतो. परंतु स्वतःहून कळविलेली गोष्ट आणि अपघातानंतर उघड झालेली गोष्ट यांत फरक आहे, आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनीही तो ओळखून अशा ग्राहकाशी समजुतीने वागणे त्यांच्याच हिताचे आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एकदा हा विषय निघाला, तर इमारतीत किती मीटर कपाटांत गेले आहेत याची मोजणी एका संध्याकाळी होऊ शकेल.

अर्जाला उत्तर येत नसेल किंवा अंदाजपत्रकाबाहेर पैसे मागितले जात असतील, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. अशा वेळी अर्जाची पोच, पावती व कामाचा कागद हे तिन्ही लागतात. पुढील बिल हाती आले की त्यावरील मागील वाचन कामाच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याशी जुळते की नाही हे ताडून पाहावे. मीटर बदलून दिला असल्यास जुन्याचा शेवटचा व नव्याचा पहिला असे दोन्ही आकडे बिलात आले पाहिजेत.